घोडा उठेपर्यंत

हैदराबादेत चार-सहा पिढ्या काढलेल्या आपल्या घराण्यांपैकी पुष्कळांच्या कुलवृत्तांतात कोठे ना कोठे घोडा बांधलेला सापडतो. कोणाचे मूळपुरुष निजामाच्या फौजेत पथक घेऊन आले, कोणी पेशव्यांच्या वकिलाबरोबर आले, तर कोणी जहागिरीतल्या पागेचा हिशेब लिहिण्यासाठी आले आणि येथेच राहिले. आमचे पणजोबा या तिसऱ्या वर्गातले. त्यांच्या हातची एक वही अद्याप आमच्या घरी आहे. हरभरा, गवत, नालबंदी, मोतद्दाराचा पगार असे खर्च तीत ओळीने मांडलेले असून मधूनच एखाद्या घोड्याच्या नावापुढे 'मयत' एवढाच शब्द येतो. कशाने मयत, याचा उल्लेख नाही. हिशेबनिसाला त्याचे कारण नव्हते. ही वही चाळता चाळता प्रस्तुत विषयाकडे आमचे लक्ष गेले, असे म्हटले तर ते अर्धेच खरे ठरेल. दुसरे कारण आमच्या नोकरीतले आहे, ते यथास्थळी येईल.

घोडा मरण्याचा अर्थ मराठी फौजेत सर्वांना सारखा नव्हता. बारगिराचा घोडा सरकारचा किंवा पथक्याचा. तो मेला तर पागेतून दुसरा मिळे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, त्याचे वेतन घोड्यासकट ठरलेले असे, आणि घोडा गेला की शिलेदाराचा बारगीर होण्यास किंवा त्याने घरी बसण्यास वेळ लागत नसे. शिलेदार रणात आपला घोडा फार जपतो, असा ठपका काही युरोपियन लेखकांनी ठेवला आहे. परंतु ज्याची सारी दौलत चार पायांवर उभी आहे त्याने ती जपू नये तर काय करावे? इंग्रजांनी पुढे आपल्या हिंदी घोडदळाच्या मोठ्या भागात हीच पद्धत शिलेदार या शब्दासकट उचलली, आणि पहिल्या महायुद्धानंतर ती मोडीत निघाली.

अशा मोलाच्या जनावराला व्याधी जडली, जखम झाली, तर उपचार करणारा तो सालोत्री. हा शब्द शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आलेला. अश्ववैद्यकाची आपली परंपरा जुनी आहे. शालिहोत्राच्या नावावर चालणारे ग्रंथ, नकुलाच्या नावावरचे 'अश्वचिकित्सित', जयदत्ताचे 'अश्ववैद्यक' ही त्यातली ठळक नावे. परंतु आमच्यासारख्या कारकुनी वृत्तीच्या माणसाला अधिक भावला तो कौटिल्याचा एक नियम. अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात असे सांगितले आहे की उपचारातील वा औषधातील दोषाने घोड्याची व्याधी वाढली तर वैद्याला उपचारखर्चाच्या दुप्पट दंड करावा. आणि वैद्याच्या अपराधाने घोडा दगावला तर घोड्याच्या किमतीइतका दंड करावा. नियम वरवर कठोर दिसतो. पण त्यात 'अपराधाने' ही अट आहे. घोडा वैद्याच्या हाताखाली मेला एवढे पुरत नाही. तो वैद्याच्या चुकीने मेला, हे ठरवावे लागते. ते ठरवणे किती अवघड आहे हे आम्हांला फार उशिरा कळले.

घोड्यावर शस्त्र चालवायचे तर पहिला प्रश्न शस्त्राचा नसतो. घोडा स्थिर कसा ठेवावा हा असतो. हे जनावर निसर्गाने उभे राहण्यासाठी आणि पळण्यासाठी घडवले आहे. त्याच्या पायांतील अस्थिबंधांची रचना अशी की स्नायूंना फारसे श्रम न देता ते उभ्याउभ्याच डुलकी घेते. गाढ झोपेसाठी दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास ते आडवे होते खरे, पण जागा भरवशाची वाटली तरच. रानात आडवा पडलेला घोडा म्हणजे हिंस्र श्वापदाचे भक्ष्य. म्हणून पडणे म्हणजे मरण आणि उठणे म्हणजे जगणे, हे त्याच्या रक्तात भिनलेले आहे. माणूस त्याला बरे करण्यासाठी पाडतो, हे त्याला कोण सांगणार?

जुनी पद्धत दोरांची होती. चारही पायांना कातडी पट्टे बांधायचे, त्यांतून दोर ओवायचा, गवताच्या जाड थरावर घोडा उभा करून चार-सहा माणसांनी दोर एकदम ओढायचा. पाय एकत्र येतात आणि घोडा कुशीवर कोसळतो. पडल्यावर तो सर्व बळ एकवटून झटके देतो, आणि या झटक्यांत पाठीचा मणका किंवा मांडीचे हाड मोडल्याचे दाखले जुन्या पशुवैद्यक ग्रंथांत आहेत. म्हणजे शस्त्राने नव्हे, घोड्याच्या स्वतःच्याच बळाने घात होई. लहानसहान कामांसाठी वरच्या ओठाला दोरीचा फास घालून तो काठीने पिळण्याची युक्ती होती, ती आजही वापरात आहे. वेदनेने वेदना मारण्याचा हा अडाणी प्रकार, असे आम्ही समजत होतो. पण १९८४ साली हॉलंडमधील संशोधकांनी दाखवून दिले की ओठ पिळल्यावर घोड्याच्या रक्तात वेदनाशामक द्रव्ये वाढतात आणि त्याच्या हृदयाची गती उतरते. मोतद्दारांना हे द्रव्य माहीत नव्हते, गुण माहीत होता.

पानिपत घडले त्या १७६१ सालीच फ्रान्सच्या राजाने लियाँ शहरी पशुवैद्यकाची शाळा काढण्यास मंजुरी दिली. जगातील अशा प्रकारची ती पहिली. आपल्याकडे पुण्यात १८६२ साली लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली आणि १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. या शाळांतून शरीररचनेचे ज्ञान आले, शस्त्रे सुधारली, परंतु घोडा पाडण्याचा दोर तसाच राहिला. तो सैल झाला भुलीने.

ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनला ईथरचा जाहीर प्रयोग झाला आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म पुढे आणले. दोन्ही द्रव्ये थोड्याच दिवसांत जनावरांवरही वापरली जाऊ लागली. ईथर घोड्याला पुरेसे देणे जिकिरीचे, त्यामुळे घोड्याच्या वाट्याला मुख्यतः क्लोरोफॉर्मच आले आणि ते जवळजवळ शंभर वर्षे टिकले. तोबऱ्यासारखी कातडी व किंतानाची पिशवी तोंडावर चढवायची, आत क्लोरोफॉर्मने भिजवलेला बोळा ठेवायचा. सुरुवातीला घोडा झिंगतो, लाथा झाडतो. मग शिथिल होतो. या सुरुवातीच्या झुंजीसाठी दोर लागेच.

येथे आपल्या शहराचा संबंध येतो, आणि तो लहान नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांना घोड्यांचा शौक होता. शर्यतींचे मैदान मौला अलीहून मलकपेठेत त्यांच्याच काळात, १८८६ साली, आले. त्याच काळात रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांनी क्लोरोफॉर्मने माणसे का मरतात या वादात हैदराबादला ओढले. लॉरींचे मत असे की क्लोरोफॉर्म प्रथम श्वास थांबवते, हृदय नंतर थांबते. तेव्हा श्वासावर नजर ठेवा, नाडीची चिंता करू नका. १८८८ साली पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. त्याच्या निष्कर्षांवर विलायतेत शंका घेतली गेली, तेव्हा निजाम सरकारने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला हजार पौंड देऊ करून त्यांचा प्रतिनिधी येथे बोलावला. लॉडर ब्रंटन आले, १८८९ साली दुसरे कमिशन झाले, मुख्यतः कुत्र्यांवर आणि माकडांवर शेकडो प्रयोग झाले, आणि निर्णय पुन्हा लॉरींच्याच बाजूचा लागला. एखाद्या वैद्यकीय प्रश्नाच्या निकालासाठी संस्थानाच्या तिजोरीतून एवढी रक्कम खर्च व्हावी, याचा अभिमान आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दुर्दैव असे की निर्णय चुकीचा होता. १९११ साली लंडनच्या लेव्हीने सिद्ध केले की भूल हलकी असताना आणि प्राणी घाबरून उत्तेजित झालेला असताना क्लोरोफॉर्म हृदयाचा ताल एकाएकी बिघडवून ते बंद पाडू शकते. कमिशनने श्वास मोजला, भीती मोजली नाही. आणि दोरांनी नुकत्याच पाडलेल्या, तोंडावर पिशवी चढवलेल्या घोड्याइतका भ्यालेला प्राणी दुसरा कोणता असेल?

परंतु भीती हा धोक्याचा एकच भाग. साडेचारशे-पाचशे किलोचे धूड आडवे झाले की त्याचे स्वतःचे वजनच त्याच्यावर उलटते. पोटातील आतड्यांचा आणि त्यांतील ऐवजाचा भार श्वासपटलावर पडतो, खालच्या बाजूचे फुप्फुस दबते. रक्त तेथून वाहते पण त्याला हवा मिळत नाही. भुलीच्या औषधांनी हृदयाचा जोर आणि रक्तदाब आणखी उतरतो. जमिनीला टेकलेल्या मांडीच्या व खांद्याच्या स्नायूंत रक्त पुरेसे पोहोचत नाही, ते आतल्या आत कडक होतात, मरू लागतात. जाग आल्यावर त्याच पायांवर घोड्याला उभे राहायचे असते. साध्या मोरखीची कडी गालाखाली राहिली तर चेहऱ्याची नस दबून ओठ लुळा पडतो. घोडा तोंडाने श्वास घेत नाही, नाकानेच घेतो. बराच वेळ उताणा राहिल्याने नाकातील त्वचा सुजली तर भुलेतून बाहेर येता येता तो गुदमरू शकतो. माणसाला शस्त्रक्रियेनंतर 'पडून राहा' म्हणून सांगता येते. कुत्रा घोंगडीत गुंडाळून ठेवता येतो. घोड्याचे डोळे उघडले की मेंदू पूर्ण जागा होण्याआधीच त्याचे शरीर उठायला निघते.

औषधे सुधारत गेली. १८७५ साली फ्रान्समध्ये क्लोरल हायड्रेट घोड्याच्या शिरेतून दिले गेले. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत ते फार उशिरापर्यंत वापरात होते. १९५७ साली इंग्लंडमध्ये हॅलोथेन घोड्यासाठी वापरले गेले, श्वासनलिकेत नळी घालून मोठ्या यंत्रातून प्राणवायूबरोबर भूल देण्याची पद्धत रुळली, १९७०च्या दशकात झायलाझिन आणि केटामिन ही जोडी आली. घोडा निजवणे सोपे झाले. उठवणे तसेच राहिले.

याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला अमेरिकेतला. रफियन नावाची काळसर घोडी सलग दहा शर्यती जिंकलेली, एकदाही न हरलेली. ६ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर त्या वर्षीच्या केंटकी डर्बीचा विजेता फूलिश प्लेझर याच्याशी तिची एकास एक अशी शर्यत लागली. धावता धावता तिच्या उजव्या पुढच्या पायाच्या सांध्यामागची दोन्ही छोटी हाडे फुटली, आणि जॉकी थांबवू पाहत असतानाही ती मोडक्या पायावर पळतच राहिली. रात्री तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. वैद्यांनी करायचे ते केले, पाय साच्यात घातला. भूल उतरू लागली तशी ती पडल्यापडल्या पाय मारू लागली, जणू शर्यत अजून चालूच आहे. कोणालाही तिला आवरता आले नाही. साचा फुटला, पाय पुन्हा मोडला, आणि ७ जुलैच्या पहाटेपूर्वी तिला इंजेक्शन देऊन मुक्त करावे लागले. ज्या गुणाने ती दहा शर्यती जिंकली त्याच गुणाने तिचा जीव घेतला, असे तिच्या मृत्यूविषयी वाचताना आमच्या मनात आले. पण हे वाचन पुष्कळ नंतरचे. आधी वाचले असते तर बरे झाले असते.

कारण १९८४ साली आम्ही राज्यसेवेत नवखे होतो आणि तेलंगणातील एका तालुक्याच्या गावी उपतहसीलदार म्हणून काम पाहत होतो. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. तेथील एका टांगेवाल्याने सरकारी योजनेतून कर्ज काढून तरणा घोडा घेतला होता. रस्त्यात घोडी दिसली की हा घोडा टांग्यासकट उधळे, म्हणून मालकाने त्याला खच्ची करून घेण्याचे ठरवले. सरकारी पशुवैद्यांनी दवाखान्यामागे लिंबाच्या झाडाखाली पेंढा पसरून, शिरेतून क्लोरल देऊन, अर्ध्या तासात काम उरकले. घोडा मेला. टांगेवाल्याचा अर्ज आला की डॉक्टरांनी सुई देऊन घोडा मारला. चौकशी आमच्याकडे आली.

साक्षीदार सहा होते. सर्वांचे म्हणणे एकच, घोडा सकाळी चालत आला आणि दुपारी मेला. डॉक्टर मध्यम वयाचे, मितभाषी गृहस्थ. ते म्हणाले, शस्त्रक्रिया नीट झाली होती. घोडा उठताना तीनदा धडपडला, चौथ्या खेपेस पेंढ्याबाहेरच्या कठीण जमिनीवर मागचा पाय घसरला आणि वरचे हाड मोडले, मग त्याला यातनांत ठेवण्यात अर्थ नव्हता. घोड्याच्या बाबतीत हे होते, साहेब, एवढेच ते वारंवार सांगत राहिले. हे आम्हांला सबबीसारखे वाटले. वय कमी, आणि गरिबाच्या बाजूने उभे राहण्याचा उत्साह मोठा. अहवालात आम्ही 'शस्त्रक्रियेत पुरेशी काळजी घेतली गेली नाही' असे लिहिले. डॉक्टरांची एक वेतनवाढ रोखली गेली. टांगेवाल्याचे भले होईल ही आमची अपेक्षा होती, तेही झाले नाही. घोड्याचा विमा होता. पण मृत्यू रोगाने किंवा अपघाताने नव्हे, ऐच्छिक शस्त्रक्रियेमुळे झाला, असा अर्थ विमेवाल्यांनी आमच्याच वाक्यावरून काढला आणि दावा नाकारला. कर्जाचे हप्ते मात्र चालू राहिले. पुढे तो बस-स्थानकावर हमाली करताना आम्हांला दिसे. नमस्कार करी. असो.

निवृत्तीनंतर आमची पुतणी पशुवैद्यकाचे शिक्षण घेत असताना तिचे एक पुस्तक सहज हाती आले. त्यात घोड्याच्या भुलीवर जितकी पाने होती, जवळजवळ तितकीच भुलेतून उठण्यावर होती. गादी लावलेल्या भिंतींची खोली, घसरणार नाही अशी जमीन, डोके आणि शेपूट यांना बांधून भिंतीच्या कड्यांतून बाहेर नेलेले दोर, मंद उजेड, शांतता, आणि औषध थोडे वाढवून घोड्याची उठण्याची घाई लांबवणे. १९८४ साली आमच्या तालुक्यात यांपैकी लिंबाची सावली तेवढी होती. डॉक्टरांनी आणखी पेंढा पसरायला हवा होता का? कदाचित हवा होता. पण अशाच सर्व सोयी असलेल्या जागीही हाडे मोडतात, हे त्याच पुस्तकाने सांगितले.

आकडेच पाहायचे तर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ४१,८२४ घोड्यांच्या नोंदी होत्या. भुलीनंतर सात दिवसांत त्यांतील १.९ टक्के घोडे दगावले किंवा त्यांना मारावे लागले. पोटशूळासाठी पोट उघडलेले रुग्ण वगळले तरी प्रमाण ०.९ टक्के, म्हणजे साधारण एकशे दहांत एक. इंग्लंडमधील कुत्र्यांच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे सहाशेत एक होते. निरोगी माणसात केवळ भुलीने होणारा मृत्यू लाखात एकाच्या आसपास मोजतात. घोड्यांच्या या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश हृदय थांबल्याने वा रक्ताभिसरण कोसळल्याने, तर एक चतुर्थांश उठताना हाड मोडल्याने झाले होते. ही आकडेवारी चांगल्या, सुसज्ज रुग्णालयांची आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

यातून वाट काढण्याचे प्रयत्न विलक्षण आहेत. बार्बारो या केंटकी डर्बी विजेत्या घोड्याचा उजवा मागचा पाय २० मे २००६ रोजी बाल्टिमोरच्या शर्यतीत चुरा झाला. दुसऱ्या दिवशी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन केंद्रात डीन रिचर्डसन यांनी पट्टी आणि २७ स्क्रू बसवून तो जोडला. मग भुलेत असलेल्या घोड्याला यारीने उचलून, पाय घालण्याजोगी भोके असलेल्या रबरी तराफ्यात बसवून, कोमट पाण्याच्या हौदात सोडण्यात आले. जाग आल्यावर त्याने पाय मारले ते पाण्यात. रफियनच्या बाबतीत जे हुकले ते येथे साधले; घोडा उठला, चालला, आठ महिने जगला. शेवटी सारा भार ज्या डाव्या पायाने वाहिला त्याच्या खुराचे आतले थर सुजून सुटले, आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याला निरोप द्यावा लागला. भूल जिंकली, वजन हरले नाही.

अलीकडे मात्र उत्तर दुसऱ्याच दिशेने शोधले जात आहे, आणि ते आम्हांला सर्वांत शहाणपणाचे वाटते. घोड्याला पाडायचेच नाही. गुंगीचे औषध हळूहळू शिरेत सोडत राहायचे, जागा बधिर करायची, डोके आधारावर टेकवायचे, आणि तो चार पायांवर उभा असतानाच दात, डोळा, सायनस, पोटातील अंडाशय, इतकेच काय, पायाच्या हाडाची बारीक चीरसुद्धा दुरुस्त करायची. नव्या पाहणीचे पहिले निष्कर्ष २०२१ साली आले. पूर्ण भूल दिलेल्या ६,७०१ प्रसंगांत मृत्यूचे प्रमाण १ टक्क्यावर आले होते, पोटशूळ वगळता ०.६; उभ्याने केलेल्या १,९५५ प्रसंगांत ते ०.२ होते. दोन्हींकडचे रुग्ण सारखे नसतात, मोठी कामे उभ्याने होत नाहीत, म्हणून या तुलनेला मर्यादा आहे. पण तरण्या घोड्याला खच्ची करणे हे काम उभ्याने होते. पुतणीने ते करताना पाहिले आहे. वीस मिनिटे लागली, आणि घोडा नंतर चालत तबेल्यात गेला, असे ती म्हणाली.

त्या अहवालाची स्थळप्रत आमच्याकडे अद्याप आहे. नोकरीतली पहिली स्वतंत्र चौकशी म्हणून कौतुकाने जपून ठेवली होती. पाने दोन. घोड्याचा रंग, वय, कर्जाची रक्कम, औषधाचे नाव, सहा साक्षीदारांच्या सह्या, सर्व काही बिनचूक आहे. दुसऱ्या पानाच्या मध्यावर एक वाक्य आहे : 'तदनंतर जनावराने उठण्याचा प्रयत्न केला व ते पडले.' त्याच्याविषयी कोणालाही एकही प्रश्न विचारल्याची नोंद नाही.